वर केलेला हात कुणाला दिसतो?

"यूट्यूबवर सगळं फुकट पडलंय, वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, मग शाळेनं वेगळं पोर्टल करायचं कशाला?" पालकसभेत हा विषय निघाला की असा प्रश्न येतोच, आणि तो रास्त आहे. तो टाळून पोर्टल बांधायला घेतलं की सहा महिन्यांनी त्यावर सूचनाफलक, स्नेहसंमेलनाचे फोटो आणि मुख्याध्यापकांचं मनोगत एवढंच उरतं.

उत्तर शोधण्यासाठी एक प्रसंग कल्पू. पनवेलहून उरणकडे जाताना जासई लागतं. दहावीत मराठी माध्यमातून शिकणारी तिथली एक मुलगी रात्री साडेनऊला विज्ञानाची वही उघडून बसली आहे. भाग पहिला, सातवा धडा, 'भिंगे व त्यांचे उपयोग'. बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर १० सेंटिमीटर, वस्तू भिंगापासून २० सेंटिमीटरवर. प्रतिमा कुठे पडेल? तिचं उत्तर येतंय ६.६७ सेंटिमीटर. मैत्रिणीचं आलंय २०. सूत्र दोघींनी तेच वापरलंय.

यूट्यूबवर भिंगांचे व्हिडिओ ढिगानं आहेत. त्यातल्या एकालाही तिची वही दिसत नाही. वर्गाच्या ग्रुपवर साठ जणांदेखत "मला जमत नाही" म्हणायला धीर लागतो. तो केलाच, तर प्रश्न शुभ रात्रीच्या फुलांखाली गाडला जातो. शाळेत असती तर सर बाकांमधून फिरता फिरता वाकले असते, वहीवर बोट ठेवून म्हणाले असते, "वस्तूच्या अंतराचं उणे चिन्ह कुठं गेलं?" वस्तू भिंगाच्या डावीकडे असते, डावीकडची अंतरं ऋण धरायची, म्हणजे २० नाही, उणे २०. काम तीन सेकंदांचं.

पोर्टल लागतं ते या तीन सेकंदांसाठी. धडे साठवायला इतर जागा पुष्कळ आहेत.

१. धडे पोचले, शिक्षक राहिले

महाराष्ट्रात धडे मुलांपर्यंत पोचवण्याचं काम कमी झालेलं नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड चिकटवले. फोन धरला की त्या धड्याची ध्वनिफीत किंवा व्हिडिओ उघडायचा. पुढे बालभारतीच्या पुस्तकांतच असे कोड छापून येऊ लागले. डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये १० लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटून टाकली, हे बहुतेकांना आठवत असेल. केंद्राचं 'दीक्षा' हे व्यासपीठ सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झालं. पाठ्यपुस्तकं ई-बालभारतीवर फुकट उतरवता येतात.

मार्च २०२० मध्ये शाळांना कुलूप लागलं, तेव्हा या सगळ्याची परीक्षा झाली. जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका आली, कारण स्मार्टफोन नसलेल्या घरातही टीव्ही होता. ही निवड मला त्या काळातली सर्वांत शहाणपणाची वाटते. नोव्हेंबरात 'स्वाध्याय' आला: व्हॉट्सॲपवर दर आठवड्याला प्रश्नसंच येणार, मूल उत्तरं निवडणार, बरोबर-चूक लगेच कळणार.

मात्र या प्रत्येक योजनेत प्रवासाची दिशा बघा. टीव्ही बोलतो, मूल ऐकतं. यंत्र विचारतं, मूल उत्तर देतं. मुलानं विचारायचं आणि कुणी माणसानं उत्तर द्यायचं, ही उलटी वाट त्यांत जवळपास नव्हतीच. लाखो मुलांसाठी एकाच वेळी चालणाऱ्या योजनेला ती शक्यही नाही. ती वाट शाळेच्या पातळीवरच घालता येते, कारण मूल आणि शिक्षक एकमेकांना ओळखतात ते तिथेच.

२. प्रश्नाला पत्ता लागतो

"सर, भिंगाचं गणित येत नाही." हा प्रश्न नव्हे, तक्रार झाली. कुठलं गणित, कुठल्या पायरीवर गाडी अडली, हे कळल्याशिवाय सर काय सांगणार? दहावीच्या मुलीकडून काटेकोर प्रश्न लिहून घेणंही अवघड. काय कळत नाही हे नेमकं सांगता आलं, तर निम्मं कळलेलंच असतं.

म्हणून हे काम पोर्टलनं करायचं. मुंबईच्या आयआयटीतला 'स्पोकन ट्यूटोरियल' हा प्रकल्प प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांनी उभा केला. संगणकाची सॉफ्टवेअरं शिकवणारे छोटे व्हिडिओ, मराठीसह अनेक भारतीय भाषांत. तिथे शंका विचारताना कुठला व्हिडिओ ते निवडावं लागतंच, वर कितवं मिनिट आणि कितवा सेकंद तेही सांगावं लागतं. शिकणाऱ्याला "मला हे समजलं नाही" इतकंच लिहून भागतं. 'हे' म्हणजे काय ते त्या मिनिट-सेकंदातून कळतं.

आपल्या मुलीसाठी हीच युक्ती अशी वापरता येईल: विषय, धडा, पान क्रमांक आणि वहीच्या पानाचा फोटो. इयत्ता, तुकडी आणि माध्यम तिला विचारायचंच नाही. ती आत शिरली तेव्हाच ते पोर्टलला ठाऊक आहे. माहीत असलेली गोष्ट पुन्हा भरायला लावणारे फॉर्म आपण सरकारी कचेऱ्यांत भरपूर भरतो, इथे तरी नकोत.

आता हा प्रश्न जाणार कुणाकडे? इथे पोर्टलच्या पोटातले तक्ते समजून घ्यावे लागतील. नवशिका प्रोग्रॅमर विद्यार्थ्यांचा एक तक्ता करतो: नाव, तुकडी, जन्मतारीख, आणि शेवटच्या रकान्यात 'शिक्षक'. गडबड तिथेच होते. मुलीला शिकवणारे सहा-सात जण आहेत, एका रकान्यात मावणार कसे? उलट, विज्ञानाचे सर नववी अ, दहावी अ आणि दहावी ब अशा तीन तुकड्यांना शिकवतात. दोन्हीकडून 'अनेक' असलेलं नातं कुठल्याच एका तक्त्यात कोंबता येत नाही.

उपाय म्हणजे मधला तिसरा तक्ता. त्याला 'नेमणूक' म्हणू. त्याच्या प्रत्येक ओळीत पाच गोष्टी: कोण शिकवतं, कुठल्या तुकडीला, कुठला विषय, कधीपासून, कधीपर्यंत. मुलीचा प्रश्न आला की पोर्टल या तक्त्यात 'दहावी ब, विज्ञान, आजची तारीख' अशी ओळ शोधतं आणि सर सापडतात. ऑगस्टमध्ये सरांची बदली झाली तर जुनी ओळ खोडायची नाही, तिच्यात 'कधीपर्यंत' भरायचं आणि नव्या बाईंची ओळ घालायची. त्या दिवसापासूनचे प्रश्न आपोआप बाईंकडे जातात. जुन्या उत्तरांवर सरांचं नाव तसंच राहतं. बदल्या, प्रसूती रजा, निवडणुकीचं काम हे सगळं ज्या शाळेच्या वाट्याला येतं, तिचं पोर्टल या दोन तारखांच्या रकान्यांवर उभं असतं.

शेवटची गोष्ट प्रश्नाच्या अवस्थांची. मी चार ठेवीन: आला, घेतला, उत्तर दिलं, समजलं. पहिली आपोआप लागते, मधल्या दोन सरांच्या हातात. चौथं बटण फक्त मुलीला दिसावं. पुष्कळ पोर्टलांत उत्तर दिलं की प्रश्न 'निकाली' निघतो आणि अहवालात शंभर टक्के झळकतात. मुलीला कळलं की नाही हे त्या शंभरात कुठेच नसतं.

३. किल्ल्यांचा जुडगा

शाळेच्या शिपाईमामांकडे किल्ल्यांचा जुडगा असतो. प्रयोगशाळेची किल्ली विज्ञानाच्या सरांना मिळते, ग्रंथालयाची ग्रंथपालांना, मुख्याध्यापकांच्या कपाटाची फक्त मुख्याध्यापकांना. फाटकातून आत येता आलं म्हणून प्रत्येक खोली उघडता येत नाही.

पोर्टललाही हेच लागू. आपण कोण हे पटवणं म्हणजे फाटक: मोबाइल क्रमांक, पासवर्ड, ओटीपी. आत गेल्यावर काय पाहता येईल हा वेगळा प्रश्न, आणि घाईत बांधलेली पोर्टलं तिथे ढिसाळ असतात. मुलीला स्वतःचे प्रश्न आणि स्वतःचे गुण दिसावेत. सरांना त्यांच्या तुकड्यांचे, त्यांच्या विषयाचे. आईवडिलांना आपल्या पाल्याची हजेरी आणि गुण. पण तिनं विचारलेला प्रत्येक प्रश्न त्यांना दिसावा का? माझ्या मते नको. "एवढं साधं येत नाही का?" हे घरात ऐकावं लागेल या भीतीनं मूल विचारणं सोडतं.

मुलीचा फोन नंबर मात्र कुणालाच दिसू नये, सरांनाही. व्हॉट्सॲप ग्रुपचा सर्वांत मोठा दोष हाच की तुकडीतल्या प्रत्येकाचा नंबर इतर सगळ्यांच्या हाती पडतो. शिक्षक आणि मूल यांच्यातलं सगळं बोलणं पोर्टलवरच व्हावं, ते नोंदलेलं राहावं, आणि तक्रार आलीच तर मुख्याध्यापकांना ते उघडता यावं. यानं मुलाचं जितकं रक्षण होतं, तितकंच शिक्षकाचंही.

हा नुसता सद्भावनेचा मामला राहिलेला नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानलं आहे. त्यांची माहिती घेण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, आणि मुलांवर पाळत ठेवणं किंवा त्यांना हेरून जाहिराती दाखवणं याला मनाई आहे. काही बाबतींत शाळांना नियमांत सवलती आहेत, त्या वकिलाकडून समजून घ्याव्यात. साधा नियम असा, की जी माहिती लागत नाही ती मागूच नका. भिंगाच्या प्रश्नाला आधार क्रमांक लागत नाही. जानेवारी २०२३ मध्ये 'दीक्षा'सारख्या सरकारी व्यासपीठावरचीही शिक्षक-विद्यार्थ्यांची माहिती एका असुरक्षित सर्व्हरमुळे उघडी पडल्याचं समोर आलं होतं. तिथे हे घडू शकतं, तर गावातल्या शाळेनं कमीत कमी माहिती ठेवणं हेच बरं.

४. चाळीस मिनिटांचा तास केवढ्याला पडतो?

ऑनलाइन शिक्षण म्हटलं की डोळ्यांपुढे झूमच्या चौकटी येतात. त्याचा हिशेब एकदा करून पाहू. साधारण बऱ्या दर्जाच्या व्हिडिओला सेकंदाला ५०० किलोबिट लागतात असं धरू. चाळीस मिनिटं म्हणजे २,४०० सेकंद. गुणाकार १२ लाख किलोबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून आठानं भागलं की दीड लाख किलोबाइट, म्हणजेच १५० एमबी. दिवसाला असे पाच तास झाले की ७५० एमबी. दीड जीबीच्या पॅकमधला निम्मा डेटा शाळेतच संपला.

आता मुलीचा प्रश्न. वहीच्या पानाचा फोटो पोर्टलनं आधीच आक्रसून घेतला तर २०० केबीत बसतो. सरांनी मिनिटभर बोलून उत्तर पाठवलं, तर सेकंदाला १६ किलोबिटच्या आवाजात ते १२० केबी होतं. सगळा व्यवहार ३२० केबीचा, म्हणजे एका तासिकेच्या चारशेव्या हिश्शाहूनही कमी.

पैशापेक्षा महत्त्वाची गोष्ट वेळेची आहे. जासईत टॉवरची वाण नाही. गावाभोवतीची शेतं आणि मिठागरं न्हावा-शेवा बंदर आणि नवी मुंबईच्या कामात गेली. बंदर १९८९ मध्ये सुरू झालं. आता रस्त्यानं कंटेनर वाहतात आणि घरातली माणसं यार्डात, गोदामात, बंदरात शिफ्टला जातात. फोन त्यांच्यासोबत जातो. 'असर'च्या २०२१ च्या ग्रामीण भारताच्या पाहणीत सुमारे ६८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता; पण फोन असलेल्या घरांतल्याही चौथ्या हिश्शाहून अधिक मुलांना तो वापरायला मिळत नव्हता. सकाळी अकराच्या ऑनलाइन तासाला हजर राहा असं ज्या मुलाला सांगायचं, त्याचा फोन अकरा वाजता बाबांच्या खिशात असतो.

म्हणून थेट तासावर उभं केलेलं पोर्टल माझ्या मते उलट्या पायावर उभं असतं. प्रश्न आधी फोनमध्येच साठावा, रेंज आली की जावा. उत्तर आलं की उतरून राहावं, रात्री फोन हाती लागला की ऐकावं. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा श्रीवर्धन-मुरुडकडच्या कित्येक गावांत पुढे बरेच दिवस वीज नव्हती. ज्या पोर्टलला सतत जोडणी लागते, ते अशा वेळी नसल्यातच जमा.

जगभर वापरलं जाणारं 'मूडल' हे शैक्षणिक सॉफ्टवेअर ज्यांनी लिहिलं, ते मार्टिन डुगियामास पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागात वाढले. सर्वांत जवळची शाळाही इतकी दूर की त्यांचं लहानपणीचं शिक्षण रेडिओवरून झालं. मूडलची पहिली पूर्ण आवृत्ती ऑगस्ट २००२ मध्ये आली. ते फुकट आहे, त्याचा कोड खुला आहे आणि मराठीतूनही वापरता येतं. शाळेनं पोर्टल कोऱ्या पाटीवरून लिहून घेण्याआधी ते एकदा चालवून पाहावं. वर सांगितलेल्या तुकड्या, भूमिका आणि परवानग्या त्यात तयार मिळतात. प्रश्नाच्या चार अवस्था मात्र आपल्याला जोडून घ्याव्या लागतील.

५. दिसायला सारखं, शोधायला वेगळं

एक किरकोळ वाटणारी, पण मराठी पोर्टलांना हमखास अडवणारी गोष्ट. संगणकात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. त्या जागतिक यादीला युनिकोड म्हणतात. 'ॲसिड'मधल्या 'ॲ'ला २००८ मध्ये स्वतंत्र क्रमांक मिळाला. पण तेच अक्षर 'अ' आणि वरचा चंद्र असे दोन क्रमांक जोडूनही काढता येतं. पडद्यावर दोन्ही हुबेहूब. सरांनी एका पद्धतीनं 'ॲसिड' टाइप केलं, मुलीनं दुसऱ्या पद्धतीनं शोधलं, की पोर्टल सांगतं: काहीही सापडलं नाही. 'दऱ्या' आणि 'सुऱ्या' यांतल्या अर्ध्या 'र'चंही तेच, तो तर आणखी जास्त तऱ्हांनी लिहिता येतो. देवनागरी पाच आणि इंग्रजी पाच हे संगणकाच्या लेखी निराळे आकडे आहेत, हे वेगळंच.

यावर उपाय सोपा: साठवताना आणि शोधताना, दोन्ही वेळा मजकूर एकाच साच्यात बदलून घ्यायचा. काम एका दिवसाचं, पण बांधणाऱ्याला मराठी येत नसेल तर ते सुचतच नाही. शिवाय सरांकडच्या पेनड्राइव्हवर दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका श्रीलिपी किंवा कृतिदेवात असतात. पोर्टलवर चिकटवल्या की त्यांचा इंग्रजी अक्षरांचा काला होतो, कारण ते फाँट इंग्रजी अक्षरांवरच मराठी मुखवटा चढवतात. अशा मजकुराचं रूपांतर करून देणारं बटण दिलं, तर सर पहिल्याच आठवड्यात पोर्टलच्या बाजूनं होतील.

६. सरांचा वेळ

पोर्टल बंद पडतं ते बहुधा सर्व्हरमुळे नाही, स्टाफरूममुळे. शिक्षकांच्या डोक्यावर सरकारी पोर्टलं आधीच आहेत: माहिती भरायला सरल आणि यूडायस, पगारासाठी शालार्थ. त्यात आणखी एक लॉगिन म्हटलं की कपाळाला आठी पडणारच.

हिशेब करू. विज्ञानाच्या सरांच्या तीन तुकड्या, प्रत्येकी साठ मुलं, एकूण १८०. रोज दहांतल्या एकानं एक प्रश्न विचारला तरी १८ प्रश्न. प्रत्येकाला चार मिनिटं धरली तर ७२ मिनिटं. दिवसभर उभ्यानं शिकवून आलेल्या माणसाकडून रोज हे मागणं म्हणजे अन्याय आहे, आणि महिन्याभरात तो त्यांच्या मौनातून दिसतो.

पण ज्या दिवशी भिंगं शिकवली, त्या दिवशीचे १८ प्रश्न खरोखर अठरा नसतात. उणे चिन्ह विसरलेले आठ, विशालनाचं सूत्र उलटं मांडलेले चार, बहिर्वक्र आणि अंतर्वक्र यांत गोंधळलेले तीन, आणि उरलेले तीन खरोखर निराळे. प्रश्नांना धडा आणि पान असा पत्ता आधीच असल्यामुळे पोर्टल ते शेजारी शेजारी मांडू शकतं. सर त्यांतले सारखे एकत्र बांधतात. मग उत्तरं सहा. प्रत्येकाला पाच मिनिटं दिली तरी अर्ध्या तासात काम आटोपतं. उणे चिन्हाचं एकच ध्वनी-उत्तर आठही जणांना जातं, आणि त्यांतल्या कुणालाही इतर सात कोण ते कळत नाही. पुढच्या वर्षीच्या मुलीनं त्याच पानावर प्रश्न विचारायला घेतला, की तेच उत्तर आधी तिच्यापुढे येतं. तेवढ्यानं भागलं नाही तरच प्रश्न सरांपर्यंत जातो.

इथे हल्लीच्या बोलक्या यंत्रांचा विषय निघतोच. सारखे प्रश्न जुळवायला ती उपयोगी आहेत, खुशाल वापरावीत. मुलीला थेट उत्तर द्यायला मात्र मी ती आत्ताच बसवणार नाही. चूक उत्तरही ती ठाम सुरात देतात, आणि ६.६७ घेऊन बसलेल्या मुलीपाशी ती चूक ओळखायचं साधन नसतं.

उरलेला अर्धा तास कुठून काढायचा? तो वेळापत्रकातूनच काढावा लागेल. सरांच्या आठवड्यातल्या तासिकांपैकी काही तासिकांसमोर 'पोर्टलवरील प्रश्न' असं लिहून ते वेळापत्रक शाळेच्या फळ्यावर लावायचं. ही गोष्ट कुठलाही प्रोग्रॅमर करून देऊ शकत नाही. ती मुख्याध्यापक आणि संस्थेनं ठरवायची असते, आणि कोटेशन मागवण्याच्या आधी ठरवायची असते. तेवढं ठरलं की एक तुकडी, एक विषय आणि पहिल्या घटक चाचणीपर्यंतचा काळ घेऊन सुरुवात करावी. चाचणीनंतर दोनच आकडे पाहायचे: किती मुलांनी निदान एक प्रश्न विचारला, आणि प्रश्न आल्यापासून 'समजलं' दाबेपर्यंत सरासरी किती तास गेले. पहिला आकडा निम्म्या वर्गाच्या खाली असेल तर दुसरा विषय जोडण्याआधी न विचारणाऱ्या मुलांच्या घरी फोन कुणाच्या हातात असतो ते पाहून यावं. दुसरा आकडा ४८ च्या वर गेला असेल तर सरांना जाब विचारण्याआधी वेळापत्रकातली ती तासिका त्यांना खरंच मिळाली का, की गैरहजर शिक्षकाच्या बदली तासाला गेली, ते तपासावं.